कुंडीतलं लिंबू नेमकं कधी तोडायचं?

गच्चीवर ड्रमात कागदी लिंबू लावलंय. पाडव्याला हौसेने एक तोडलं, तर आत नुसता चोथा. सासूबाई म्हणतात, पिवळं होऊ दे. पण तोवर थांबलं की गळून पडतात. काय करू?

– फूल आल्यापासून 5-6 महिने धरा. गर्द हिरवा रंग फिकटला, साल गुळगुळीत, चकचकीत झाली की तोडा. खडबडीत असेल तर हात लावू नका.

– दाबून बघा, किंचित दबायला हवं. कच्चं तोडलेलं घरात पिवळं होतं, पण रस वाढत नाही. आणि ओढू नका हो, देठ ठेवून कात्रीने कापा.

– लोणच्याला मात्र पिवळंच! सासूबाई बरोबर आहेत.

आज एक फिकट हिरवं कापलं. दोन चमचे रस! सासूबाईंना अजून सांगितलं नाही.