भाव झाडणाऱ्याचा का दुखणेकऱ्याचा?
भाऊ, तुम्ही म्हणता का मंत्र म्हणून दुखणं झाडणाऱ्याचा भाव शुद्ध असला तर दुखणेकऱ्याला माहीत असो नसो, आराम पडतेच. मले हे अर्धंच पटते. 2006 साली अमेरिकेत डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांच्या टीमचा बायपासच्या 1802 पेशंटचा अभ्यास छापून आला, काही जणांसाठी अनोळखी लोक रोज मनापासून प्रार्थना करत होते, पण आपल्यासाठी कोणी प्रार्थना करते का हे ज्यांना नक्की माहीत नव्हतं त्यांच्यात प्रार्थना असो नसो, फरक जवळपास शून्य. आन ज्यांना खात्रीनं सांगितलं होतं का तुमच्यासाठी प्रार्थना होणार, त्यांच्यात 59 टक्क्यांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, बाकीच्यांत 51-52. म्हणजे लांबून धाडलेला संकल्प काही दिसला नाही.

दुखणेकऱ्याच्या मनाचं मात्र वेगळं आहे. 2010 मध्ये अमेरिकेतले संशोधक टेड कॅप्चुक यांनी पोटाच्या जुन्या तक्रारीवाल्यांना सरळ सांगून बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, तरी ज्यांना गोळ्या नव्हत्या त्यांच्यापेक्षा त्यांना जास्त आराम वाटला.

म्हणून आजी उशाशी बसून अंगारा लावते, डोक्यावरून हात फिरवते, त्याले मी कधीच नावं ठेवत नाही, भेव कमी होते, झोप लागते, हे काय लहान आहे का? पण आपल्याकडं कपाशीच्या वावरात घोणस चावते न, तिचं विष रक्त गोठू देत नाही, तिथं सापाचं विष उतरवणारं इंजेक्शनच (अँटिव्हेनम) पाहिजे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आधी गाडी काढा, अंगारा वाटेत लावला तरी चालते.