चार्टवर ‘इस्केमिक एकेआय’ लिहिलंय, कोड एन२८.० की एन१७?

कोडिंगवाली
आंतररुग्ण चार्ट, कोडिंग आयसीडी-१०-सीएमनुसार (अमेरिकेत वापरली जाणारी आजारांच्या कोडची यादी). वय ६८, चार दिवस जुलाब-उलट्या, दाखल होताना रक्तदाब ८४/५०. क्रिएटिनिन नेहमीचं १.१, दाखल होताना २.६, बीयूएन (रक्तातला युरिया नायट्रोजन) ६८. लघवीत सोडियम १४ आणि क्रिएटिनिन ११०, रक्तात सोडियम १३८. सलाईननंतर ४८ तासांत क्रिएटिनिन १.३ वर आलं. डिस्चार्ज समरीत ‘हायपोपरफ्यूजनमुळे इस्केमिक एकेआय’ (रक्तपुरवठा कमी पडून किडनीला अचानक झालेली इजा) एवढंच आहे. इंडेक्समध्ये ‘इस्केमिया, किडनी’ बघितलं की एन२८.० मिळतो. तो चालेल? की इस्केमिक म्हणजे एटीएन (किडनीच्या नलिकांच्या पेशी मरणं) धरून एन१७.० लावायचा?

चार्टतपासनीस
दोन्ही नकोत. एन२८.० हा किडनीच्या धमनीतच अडथळा असेल तेव्हाचा कोड: एम्बोलस (वाहत आलेली गुठळी), थ्रॉम्बोसिस (जागेवरच झालेली गुठळी), इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग). इथे धमनी मोकळी आहे, रक्तदाबच पडला होता. इंडेक्समध्ये ‘इस्केमिया’ऐवजी ‘इंज्युरी, किडनी, अक्यूट’ बघा; एन१७.९ मिळेल. सोबत कारणाचा कोड हवा. डॉक्टरांनी डिहायड्रेशन लिहिलं असेल तर ई८६.०, हायपोव्होलेमिया लिहिलं असेल तर ई८६.१. रक्तदाब ८४ दिसला म्हणून शॉकचा कोड आपल्या मनाने जोडू नका.

समरीत फक्त ‘प्रीरीनल अॅझोटेमिया’ (किडनीकडे रक्त कमी पोचल्याने रक्तात युरिया साचणं) असतं तर कोड आर३९.२ झाला असता. आकडे तेच असले तरी कोड डॉक्टरांच्या शब्दांवरच ठरतो.

नेफ्रोलॉजीवाला
एटीएन का नाही, ते आकड्यांतच दिसतंय. फेना, म्हणजे किडनीने गाळलेल्या सोडियमपैकी लघवीत गेलेला टक्का, काढा: लघवीतलं सोडियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं सोडियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, मग गुणिले १००. म्हणजे (१४ × २.६) ÷ (१३८ × ११०) × १००, साधारण ०.२४ टक्के. एक टक्क्याच्या खाली म्हणजे नलिका शाबूत आहेत आणि सोडियम घट्ट धरून ठेवतायत. एटीएनमध्ये त्याच नलिका मरतात, सोडियम वाहून जातं आणि फेना बहुधा दोनच्या वर जातो. बीयूएन-क्रिएटिनिन गुणोत्तर २६, हेही प्रीरीनलकडेच बोट दाखवतं. सगळ्यात बोलका पुरावा मात्र ४८ तासांतली सुधारणा. एटीएन इतक्या लवकर भरून येत नाही.

एकेआयचं निदान मात्र पक्कं आहे. केडीगो या किडनीविषयक मार्गदर्शिकेप्रमाणे क्रिएटिनिनमध्ये ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट पुरते, इथे २.४ पट आहे, म्हणजे दुसरी पायरी.

फेनावर डोळे झाकून विसंबू नका. डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर तो खोटा वाढतो; तेव्हा युरियाचं फ्रॅक्शनल एक्सक्रीशन बघायचं, ३५ टक्क्यांखाली असेल तर प्रीरीनल. उलट कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी देतात ते रंगद्रव्य) किंवा रॅब्डोमायोलिसिसमुळे (स्नायूंच्या पेशी फुटणं) झालेल्या एटीएनमध्ये फेना एकच्या खालीही राहतो. म्हणून लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी हवीच. गढूळ तपकिरी दाणेदार कास्ट (नलिकांत तयार झालेले साचे) दिसले आणि सलाईन देऊनही क्रिएटिनिन ७२ तास हटलं नाही, तर एटीएनचा विचार करायचा.

चार्टतपासनीस
असे कास्ट रिपोर्टमध्ये असले आणि समरीत नुसतं ‘एकेआय’ असलं, तरी कोडरने स्वतःहून एन१७.० लावायचा नाही, डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) पाठवायची. ‘एटीएन होतं ना?’ असं विचारणं म्हणजे उत्तर तोंडात घालणं. कास्ट, फेना, क्रिएटिनिनचे रोजचे आकडे मांडा आणि ‘एकेआयचं कारण वा प्रकार नमूद करावा’ एवढंच लिहा. पर्यायांत एटीएन, प्रीरीनल, इतर आणि ‘सांगता येत नाही’ असू द्या. एमएस-डीआरजीत (अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या बिलिंग गटांत) एन१७.० एमसीसी (मोठी गुंतागुंत) आहे आणि एन१७.९ नुसता सीसी (साधी गुंतागुंत), त्यामुळे ऑडिटमध्ये पहिला हात एन१७.० वरच पडतो.

कोडिंगवाली
मग एन२८.० प्रत्यक्षात कधी लावायचा? आणि रीनल आर्टरी स्टेनोसिस (किडनीची धमनी अरुंद होणं) असेल तर?

नेफ्रोलॉजीवाला
नमुन्याचा रुग्ण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), अचानक कुशीत दुखणं, लघवीत रक्त, एलडीएच (पेशी मेल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं. मुतखडा समजून साधा सीटी केला की इन्फार्क्ट निसटतो; कॉन्ट्रास्ट दिल्यावर पाचरीच्या आकाराचा, रक्त न पोचलेला भाग दिसतो. तिथे एन२८.० आणि फिब्रिलेशनचा आय४८ गटातला कोड.

स्टेनोसिसमध्ये कारण विचारल्याशिवाय कोड ठरत नाही. अथेरोस्क्लेरोसिस (धमनीत चरबीचे थर) असेल तर आय७०.१, फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया (धमनीच्या भिंतीची विकृत वाढ) असेल तर आय७७.३, जन्मजात असेल तर क्यू२७.१. त्यातून रक्तदाब वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं असेल तर आय१५.० सुद्धा; दोन्हींत आधी कोणता, ते कशासाठी दाखल केलं त्यावर ठरतं. आय७०.१ आणि क्यू२७.१ हे एन२८.० च्या एक्सक्लूड्स-१ टिपेत (सोबत लावू नयेत अशा कोडची यादी) आहेत, त्याच्यासोबत लावले तर एडिटमध्ये (बिलाची आपोआप होणारी तपासणी) अडकतील.

एसीई इन्हिबिटर (रक्तदाबाचं औषध) सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून जास्त चढलं, तर दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद नाहीत ना ते डॉपलरने बघायला हवं. हे औषध ग्लोमेरुलसमधून बाहेर पडणारी धमनिका सैल करतं आणि आतला दाब कोसळतो. डॉक्टरांनी ते औषधामुळेच झाल्याचं लिहिलं असेल तर एन१७.९ नंतर टी४६.४एक्स५ए.

चार्टतपासनीस
आणखी एक नेहमी सुटणारा: अँजिओग्राफीनंतर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने चढणारं क्रिएटिनिन, निळी पडलेली पायाची बोटं, वाढलेले इओसिनोफिल. ‘अथेरोएम्बोलिझम, किडनी’ (धमनीतल्या चरबीचे कण सुटून किडनीत अडकणं) असं डॉक्टरांनी लिहिलं की आय७५.८१, त्याला जोडून एन१७ किंवा एन१८ मधला कोड. इथे एन२८.० येत नाही.