16 किलोची केटलबेल हलकी वाटतेय, स्विंगसाठी आता 20 घेऊ की थेट 24?

डोंबिवली_फास्ट:
नमस्कार मंडळी. वय 36, वजन 74, घरीच करतो, जिम नाही. एक दिवसाआड 16 किलोच्या केटलबेलने (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) दोन हाती स्विंग, म्हणजे ती मांड्यांमधून छातीपर्यंत झुलवायची, 10 चे 10 सेट, आता शेवटच्या सेटलाही फार धाप लागत नाही म्हणून वजन वाढवावं असं वाटतंय. दुकानदार म्हणतो थेट 24 घ्या, ऑफिसातला मित्र म्हणतो 20 घे नाहीतर कंबर जाईल. घरात जागा आणि बजेट दोन्ही एकाच केटलबेलपुरतं आहे. वजन वाढवायची वेळ आलीये हे नक्की कशावरून ओळखायचं?

लोखंडप्रेमी:
धाप कमी लागते हे चांगलंच आहे पण तेवढ्यावर जाऊ नकोस. मी दोन गोष्टी बघतो. एक म्हणजे शंभरावा स्विंग पहिल्यासारखाच कडक येतो का, म्हणजे खुब्यातून झटका, वर आल्यावर गुडघे सरळ, पार्श्वभाग आवळलेला, पोट घट्ट आणि केटलबेल छातीच्या उंचीला क्षणभर तरंगते, हात फक्त दोरीसारखे. दुसरं, पुढचा सेट सुरू करायच्या आधी तू एखादं छोटं वाक्य न अडखळता बोलू शकतोस का. रोजच्या सरावात घड्याळापेक्षा हीच खूण जास्त खरी, बोलता येत नसेल तर अजून थांबायचं.

आणि 16 मध्ये अजून बराच माल शिल्लक आहे रे, तू एका हाताने केलेच नाहीस! एका हाताने केलं की वजन तेच पण ग्रिपवर सगळा भार एकट्या हाताचा, शिवाय केटलबेल अंगाला एका बाजूला फिरवायला बघते ते पोटाने आणि पाठीने थोपवायचं. आधी थोडे सेट एक हाती कर, मग हळूहळू सगळेच. केटलबेल अमेरिकेत लोकप्रिय करणारे पावेल त्सात्सुलीन यांची कसोटी माहीत असेलच, दर 30 सेकंदाला 10 स्विंग, सेटगणिक हात बदलत, 5 मिनिटात 100. ही रोज करायची नाही, अधूनमधून स्वतःला तपासायला. 16 ने ती शेवटपर्यंत कडक निघाली तर खुशाल 24 आण.

20 की 24 म्हणशील तर फक्त स्विंगसाठी माझं मत 24. रशियात केटलबेल पूडच्या हिशोबात असायच्या, एक पूड म्हणजे 16.38 किलो, त्यामुळे जुन्या पायऱ्या एक, दीड, दोन पूड म्हणजे साधारण 16, 24, 32 अशाच. स्विंगमध्ये शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू काम करतात त्यामुळे 8 किलोची उडी झेपते. डोक्यावर प्रेस करायचा असेल तर मात्र 20 हवीच, खांद्याला एवढी मोठी उडी नाही झेपत.

सांगलीची_सून:
लोखंडप्रेमी दादा, बाकी सगळं पटलं पण उडी किलोत मोजू नका हो, टक्क्यात मोजा. 16 वरून 24 म्हणजे दीडपट आणि 20 म्हणजे सव्वापट. मी 8 वरून 12 वर गेले तेव्हा तीही दीडपटच होती आणि दोन हाती स्विंगला काही त्रास नाही झाला, पण तेच वजन एका हातात घेतलं की ग्रिप आधी सोडून देते, पाय म्हणतात चल आणि बोटं म्हणतात बास. म्हणून नवीन वजन नेहमी आधी दोन्ही हातांनी.

आणि एकदम सगळे सेट बदलायचे नाहीत. दहापैकी मधले दोन सेट जडने, कारण तोवर अंग गरम झालेलं असतं आणि थकलेलंही नसतं, बाकी आठ जुन्याच वजनाने. ते दोन सोपे वाटायला लागले की तीन चार करा. घाई कसली आहे? स्नायू लवकर तयार होतात, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि तळहाताची कातडी मागून येतात.

हलकं झाल्याची माझी खूण म्हणजे कडक झटका मारला की केटलबेल डोक्याच्याही वर पळायला बघते आणि तिला आवरायलाच जोर लागतो. जड झाल्याची खूण उलटी, ती पोटाच्या वर येतच नाही, मग माणूस खांद्याने उचलतो नाहीतर वर आल्यावर मागे झुकतो.

डोंबिवली_फास्ट:
दोघांचे आभार. हे मागे झुकणं वाचलं आणि विचारावंसं वाटलं, शेवटच्या दोन तीन सेटनंतर कंबर आखडल्यासारखी होते, दुखत नाही, दुसऱ्या दिवशी गायब. हे चालतं का?

लोखंडप्रेमी:
मग माझं आधीचं 24 सध्या बाजूला ठेव. आखडायला हवं मांडीच्या मागे आणि ग्लूट्सना (पार्श्वभागाचे स्नायू), कंबरेला नाही. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. एकतर केटलबेल गुडघ्यांच्याही खाली लोंबते, ती मांड्यांमध्ये उंचावर, मनगटं जांघेला लागतील अशी जायला हवी. खाली येताना लगेच वाकायचं नाही, हात अंगाला टेकेपर्यंत उभंच राहायचं आणि मग खुब्यातून मागे जायचं. किंवा वर आल्यावर तू मागे रेलतोयस. आणि बैठका मारल्यासारखं खाली बसू नकोस, नडग्या जवळजवळ उभ्याच. हे 16 वर दुरुस्त होईपर्यंत वजन वाढवलं तर चूकही जड होणार. पायात कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र स्विंग बंद आणि डॉक्टरांना दाखव.

गिरगाव_ग्रिप:
खरेदीचं सांगतो. ओतीव लोखंडाची असेल तर वजन वाढतं तसा आकार वाढतो आणि बऱ्याचदा मूठही जाड होते, म्हणून दुकानात दोन्ही हातांनी धरून चार स्विंग मारूनच घ्या. स्पर्धेच्या स्टीलच्या सगळ्या वजनांना आकार एकच, पण मुठीत दोन्ही हात दाटीवाटीने बसतात, त्यामुळे दोन हाती करणाऱ्याला ओतीवच बरी. मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवा, जोडाची धार लागली तर घेऊ नका, घट्टे सोलून निघतात. गुळगुळीत चकचकीत मूठही नको, आपल्याकडे पावसाळ्यात घामाने सटकते आणि खाली टाइल्स असतात. हाताला लावायचा खडू आणि जाड रबरी मॅट त्याच फेरीत घ्या.

डोंबिवली_फास्ट:
ठरलं, आधी कंबरेचं नीट करतो, मग 16 एक हाती. 24 चं त्या 5 मिनिटांच्या कसोटीनंतर बघू. व्हिडिओ टाकला तर बघाल का?

सांगलीची_सून:
टाका की. समोरून नको, बाजूने काढा, फोन कंबरेच्या उंचीला ठेवा आणि पहिला नाही, नववा आणि दहावा सेट टाका.