जी जमीन आपली नाही, तिथे आपलं घर कसं? अंटार्क्टिकाबद्दल एक शंका

मृण्मयी_सातारा:
नमस्कार मंडळी. मी हायस्कूलला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. नववीला परराष्ट्र धोरण चालू आहे. पाकिस्तान, चीन, नेपाळ असं सगळं नीट झालं. मग मी सहज म्हणाले, की भारताची अंटार्क्टिकावरसुद्धा दोन संशोधन केंद्रं आहेत. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणतो, "बाई, ती जमीन कुणाची? आपली नसेल तर घर कसं बांधलं? आणि आपली असेल तर नकाशात का नाही?"

तास संपायला पाच मिनिटं होती म्हणून सुटले. घरी येऊन शोधलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर "२०४८ साली करार संपणार, मग खनिजांची लूट सुरू" असं काहीतरी फिरतंय. एवढ्या लांबच्या ठिकाणाबद्दल देश चाळीस-पन्नास वर्षांचं धोरण ठरवतो कसं? उद्या पुन्हा त्याच वर्गावर तास आहे.

तिरकस_तात्या:
टिळकांनी शंभर वर्षांपूर्वीच आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवापाशी नेऊन ठेवलंय. म्हणजे उत्तरेचा सातबारा आपल्याच नावावर. दक्षिणेचं तुम्ही बघा.
गंमत सोडा. आमच्या गावात दुपारची एसटी बंद होऊन दोन वर्षं झाली आणि आपण पेंग्विनांच्या शेजारी वीज पेटवतोय, हे मला खरंच कळत नाही.

निवृत्त_ईएमई:
बाई, त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या.

मी फौजेत ईएमईला होतो, गाड्या-इंजिनांचं काम. नव्वदच्या दशकात मैत्री केंद्रावर एक हिवाळा काढलाय. आधी दिल्लीला एम्समध्ये तपासण्या, मग औलीला आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) लोकांनी बर्फात रगडून घेतलं, मग गोव्याहून जहाज. जहाज बर्फाच्या कड्याला लागतं, मैत्री तिथून आत शंभरेक किलोमीटर. डिझेल, पीठ, डाळ, जनरेटरचे सुटे भाग, सगळं पिस्टनबुलीला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीला, स्लेज जोडून ओढत न्यायचं. बर्फातल्या भेगा वरून दिसत नाहीत, त्यामुळे पुढच्याचा माग सोडून चाकोरीबाहेर जायचं नाही. उन्हाळी मंडळी परत गेली की राहिले आम्ही पंचवीसेक जण. मग दोन महिने सूर्यच उगवत नाही.

आता जमीन कुणाची? मैत्री ज्या भागात आहे त्यावर नॉर्वे हक्क सांगतो. आपलं दुसरं केंद्र भारती, त्या भागावर ऑस्ट्रेलिया. असे हक्क सांगणारे सात देश आहेत. पण १९५९ च्या करारात त्यांनी हे भांडण बासनात बांधून ठेवलं. कुणाला जुना हक्क सोडावा लागणार नाही, कुणी नव्याने सांगायचा नाही, विज्ञानासाठी कुणीही यावं. म्हणून आमच्याकडे कुणी नॉर्वेचा तलाठी आला नाही. शेजारी होते रशियन, नोवोलाझारेव्स्काया, चार-पाच किलोमीटरवर. त्यांच्या वाफेच्या न्हाणीघराची आठवण अजून येते.

धोरणाचं म्हणाल, तर क्रम बघा. १९५६ ला भारताने अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत न्यायचा प्रयत्न केला, हा खंड सगळ्या जगाच्या शांततेसाठी वापरा म्हणून. अर्जेंटिना, चिली वगैरेंना ते आवडलं नाही, विषय मागे घ्यावा लागला. १९५८ ला पुन्हा तेच. आणि पुढच्याच वर्षी बारा देशांनी आपसात करार केला, त्यात आपण नाही. जवळपास चोवीस वर्षं आपण बाहेर उभे.

मग डिसेंबर १९८१. समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची तुकडी गोव्याहून निघाली, फारसा गाजावाजा न करता. जहाजसुद्धा भाड्याचं, नॉर्वेचं. ९ जानेवारी १९८२ ला पाय ठेवला. तेव्हा आपण करारावर सहीसुद्धा केलेली नव्हती! ऑगस्ट १९८३ मध्ये करारात सामील झालो आणि १२ सप्टेंबरला मत देणाऱ्या देशांत बसलो. पहिलं पाऊल ते मत, वीस महिने. करारातच लिहिलंय, की नंतर येणाऱ्याला मत हवं असेल तर तिथे भरीव संशोधन करून दाखवा, केंद्र उभारा किंवा मोहीम पाठवा. आपण ते दाखवलं. त्याच सुमारास मलेशिया संयुक्त राष्ट्रांत हे मूठभर देशांचं मंडळ आहे म्हणून ओरडत होता, म्हणजे १९५६ ला आपण जे म्हणत होतो जवळपास तेच. पण तोवर आपण मंडळात जाऊन बसलो होतो. याला दुटप्पीपणा म्हणा की शहाणपण, मुलांनाच ठरवू द्या. मला विचाराल तर दोन्ही.

पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री तरंगत्या बर्फावर होतं, काही वर्षांत तेच बर्फाखाली गेलं. मग खडकावर मैत्री, १९८९. शेजारच्या तळ्याला नाव प्रियदर्शिनी, प्यायचं पाणी तिथून. २०१२ ला भारती, १३४ कंटेनर जोडून उभं केलेलं. आणि आपल्या देशाचा अंटार्क्टिक कायदा कधी आला? २०२२ ला. म्हणजे आधी चाळीस वर्षं दरवर्षी माणसं जात राहिली, कागद मागून आला. जनरेटर बंद पडला तर आत गोठायचं, तेवढीच आमची परराष्ट्र नीती होती.

तात्या, एसटीचं दुःख खरं आहे, आमच्याकडेही तेच. पण एवढ्या वर्षांत आपल्याकडे स्वतःचं ध्रुवीय जहाज नाही, याचा मला जास्त राग आहे. घर बांधलं, बैलगाडी अजून भाड्याची. २०२५ ला कोलकात्याच्या जीआरएसई या जहाजबांधणी कंपनीने असं जहाज बांधायला नॉर्वेच्या कंपनीशी सामंजस्य करार केलाय. पाण्यात उतरेल तेव्हा पेढे वाटीन.

कलम_चार:
काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. फक्त २०४८ चा गोंधळ निस्तरतो, कारण ते फॉरवर्ड मलाही दर महिन्याला येतं.

मूळ कराराला मुदतच नाही. खाणबंदी आहे ती १९९१ च्या माद्रिदच्या पूरक करारात, तो १४ जानेवारी १९९८ ला लागू झाला. त्यात एवढंच आहे, की पन्नास वर्षांनंतर मताधिकार असलेला कुठलाही देश फेरविचाराची बैठक मागू शकतो. मागितली तरी बंदी उठत नाही. बदल करायचा तर बहुमत हवं आणि त्यात १९९१ साली ज्यांना मत होतं त्या २६ देशांपैकी तीन-चतुर्थांश हवेत. शिवाय खाणींसाठी आधी बंधनकारक नियमावली हवी. भारत त्या २६ मध्ये आहे. १९८३ च्या घाईचं फळ इथे दिसतं. दहा वर्षं उशीर केला असता, तर या यादीत नाव नसतं.

मृण्मयी_सातारा:
बापरे, काका, तुम्हाला वर्गावरच बोलवायला हवं. उद्याचा तास झाला म्हणायचा! एकच राहिलं. उत्तर ध्रुवाकडेही हेच करायचं का? तिथेही आपलं हिमाद्री आहे ना?

निवृत्त_ईएमई:
मी तिकडे गेलेलो नाही, पण तिथे हा डाव चालत नाही. दक्षिणेला मालक नाही. उत्तरेला समुद्राभोवती आठ देश घर करून बसलेत, रशियापासून आइसलँडपर्यंत. आपलं संशोधन केंद्र हिमाद्री २००८ चं, उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर, नॉर्वेच्या भूमीवर आणि इमारतही भाड्याची. १९२० च्या स्वालबार्ड करारावर इंग्रजांच्या काळात भारताच्या नावाने सही झाली होती, तिचा आज उपयोग होतो. त्या आठ देशांच्या आर्क्टिक परिषदेत आपण २०१३ पासून निरीक्षक. चीन, जपान, सिंगापूरही त्याच वेळी आले. निरीक्षक म्हणजे लग्नात मांडवाच्या कडेची खुर्ची. जेवण मिळतं, मुहूर्त आपण ठरवत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये आर्क्टिक धोरण छापून आलं आणि त्याच सुमारास युक्रेन युद्धामुळे बाकीच्या सात देशांनी रशियाबरोबरचं परिषदेचं काम थांबवलं. दक्षिणेत नेमाने जात राहिलो तर मत मिळालं. उत्तरेत जात राहिलो तर ओळखी होतील, आपल्या पावसाचा तिथल्या बर्फाशी काय संबंध ते कळेल. मत नाही.

तिरकस_तात्या:
म्हणजे सातबारा माझ्या नावावर नाही तर. असो, एसटीबद्दल बोलायचं मी थांबवणार नाही.

निवृत्त_ईएमई:
तात्या, थांबवू नका.
बाई, एक सुचवतो. भारतीवर २०२४ पासून आपल्या टपाल खात्याचं कार्यालय आहे, महाराष्ट्र सर्कलच्या हाताखाली. पिनकोड एमएच-१७१८. मुलांना पत्रं लिहायला लावा. गोव्यातल्या ध्रुवीय केंद्राकडे पत्रं गोळा होतात, वर्षातून एकदा मोहिमेबरोबर जातात आणि शिक्का बसून परत येतात. पाकिटावर घरचा पत्ता स्वच्छ लिहायला सांगा. परत येईपर्यंत तो मागच्या बाकावरचा बहुधा दहावी होऊन गेलेला असेल.