मदत हवी आहे : अकरावी विज्ञानाला गणित, जीवशास्त्र की दोन्ही? दहावीच्या मुलांना नेमके काय सांगावे?

नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका ग्रामीण माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि दहावीची वर्गशिक्षिका आहे. निकालानंतर अकरावीचे विषय ठरवण्यासाठी मुले आणि पालक बहुधा शाळेतच येतात, कारण घरात बारावीपर्यंत विज्ञान शिकलेले कोणी असतेच असे नाही. आम्ही त्यांना जे सांगतो ते अधिक नेमके असावे आणि प्रवेशाच्या घाईत न सांगता वर्षभर आधीच सांगता यावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून जे ज्युनिअर कॉलेजात शिकवतात किंवा ज्यांची मुले नुकतीच या टप्प्यातून गेली आहेत, अशांच्या अनुभवाची मला मदत हवी आहे.

राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत इंग्रजी, दुसरी भाषा किंवा माहिती तंत्रज्ञान, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र असे विषय घेतले की सहा विषय पूर्ण होतात. म्हणजे पीसीएमबी हा (या शेवटच्या चार विषयांचा) गट घेण्यासाठी वेगळा जादा विषय घ्यावा लागत नाही, ही साधी गोष्टही अनेक पालकांना ठाऊक नसते. ज्यांना जीवशास्त्र नको असते ती मुले बहुधा त्याच्या आणि दुसऱ्या भाषेच्या जागी २०० गुणांचा संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा बायफोकल (व्यवसायाभिमुख) विषय घेतात. गणित सोडायचे असेल, तर त्याऐवजी भूगोलासारखा विषय त्या कॉलेजात शिकवला जातो का, हे आधी पाहावे लागते. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून संपूर्ण राज्यात लागू झाली आहे. पसंतीक्रमात कॉलेजांची नावे भरताना तिथे कोणते विषय आहेत याची चौकशी फार थोडे जण करतात आणि प्रवेश पक्का झाल्यावर अडचण समोर येते.

माझी खरी चिंता गणित सोडणाऱ्या मुलांबद्दल आहे. दहावीच्या बीजगणित-भूमितीत कमी गुण मिळाले, की ‘तुझे गणित कच्चे आहे, तू बायो घे’ असा निर्णय दोन मिनिटांत होतो आणि तो बहुधा मुलाऐवजी एखादा नातेवाईक किंवा क्लासचा माणूस घेतो. या निर्णयाने अभियांत्रिकी बंद होते एवढेच लोकांना माहीत असते. परंतु वास्तुशास्त्राच्या पदवीलाही बारावीत भौतिकशास्त्रासोबत गणित लागते, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात किंवा नौदलात जायचे असेल, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तिन्ही विषय असावे लागतात. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र तिथल्याही लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर आहेच.

उलट बाजूने, जीवशास्त्र नसेल तर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देता येत नाही असे आम्ही सांगत आलो आहोत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केले, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही ती परीक्षा देता येईल. हे वाचल्यापासून मला असे वाटू लागले आहे की, द्विधा मनःस्थितीत असलेल्या मुलाने निदान गणित तरी सोडू नये. हा माझा कल योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे.

‘दोन्ही घ्या, पुढचे पुढे पाहू’ असे सरसकट सांगायलाही मन धजावत नाही. राज्याच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेला पीसीएम (गणितासह) आणि पीसीबी (जीवशास्त्रासह) हे दोन्ही गट देता येतात हे खरे आहे. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे आणि जीवशास्त्राचे १०० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, म्हणजे दोन्हीकडे तो विषय निम्मे गुण व्यापतो, आणि दोन्ही गट द्यायचे तर दोन्ही विषयांची पूर्ण तयारी लागते. आमच्याकडील अनेक मुले एसटीने लांबच्या गावी कॉलेजला जातात, संध्याकाळी उशिरा घरी पोहोचतात, आणि प्रात्यक्षिकांच्या दिवशी तर आणखी उशीर होतो. अशा मुलाला चारही विषय झेपतात का? झेपत असतील, तर कोणत्या मुलाला झेपतात, हे दहावीत असताना कशावरून ओळखावे? आणि मुख्य म्हणजे, निवड करण्यापूर्वी त्या विषयाची खरी चव मुलांना शाळेतच कशी देता येईल?

प्रतिसाद १

मॅडम, मी कोल्हापूर जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो. दहावीच्या गुणांवरून अकरावीच्या गणिताचा अंदाज बांधताना एकूण गुणांपेक्षा उत्तरपत्रिका पाहावी, असे मी सुचवीन. बैजिक राशी उलगडताना चिन्हे चुकणे, समीकरण मांडता न येणे हे पुढे जड जाते, कारण त्रिकोणमिती, शांकव, क्रमचय-संचय, सीमा आणि विकलन या अकरावीच्या प्रकरणांत तीच कौशल्ये पदोपदी लागतात. भूमितीतील सिद्धता लिहिता आली नाही म्हणून गुण गेले असतील, तर मात्र त्यावरून घाबरण्याचे कारण नाही. दहावीला साठ-पासष्ट गुण असलेली आणि रोज वहीत सोडवणारी मुले बारावीला चांगली निभावतात, हे मी दरवर्षी पाहतो.

गणित सोडले म्हणजे गणितातून सुटका झाली, असे मुलांना वाटते आणि तिथेच त्यांची फसगत होते. राज्य मंडळाच्या अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. सदिश, विकलन, संकलन यांची तोंडओळख तिथे होते आणि ‘नीट’ची तयारी करणाऱ्यालाही ती चुकत नाही.

तुमचा कल मला बव्हंशी पटतो. सोडलेले गणित नंतर तुरळक विषय म्हणून (फक्त तेवढ्याच विषयाला बसून) मंडळाच्या परीक्षेत देता येते, परंतु वर्गात न बसता एकट्याने ते तयार करणे फार अवघड असते. जीवशास्त्र पुस्तक वाचून बऱ्याच अंशी उभे करता येते. तथापि, ज्या मुलाला जीवशास्त्राचीच मनापासून ओढ आहे आणि गणिताने ज्याची झोप उडते, त्याला केवळ ‘दार उघडे राहावे’ म्हणून दोन वर्षे अडकवू नये.

चव देण्याबाबत विचाराल, तर अकरावीची सर्व पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर गणितातील अनुक्रम-श्रेढी आणि जीवशास्त्रातील पेशीविषयक प्रकरण घेऊन प्रत्येकी चार-पाच तासिका घ्या आणि त्यावर छोटी चाचणी ठेवा. गुण कमी आले तरी चालतील. कोणते मूल न समजलेले विचारायला पुन्हा येते, याकडे लक्ष ठेवा.

प्रतिसाद २

पालक म्हणून लिहिते. आमच्या मुलीने चारही विषय घेतले आणि बारावीच्या जानेवारीपासून फार ओढाताण झाली, कारण मंडळाची परीक्षा, सीईटीचे दोन गट आणि ‘नीट’ हे सगळे एकापाठोपाठ आले. शेवटी ती बी. फार्म.ला गेली, जिथे गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक असले तरी प्रवेश मिळतो. तिच्या वर्गात बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांसाठी पहिल्या सत्रात उपचारात्मक जीवशास्त्र आणि गणित न घेतलेल्यांसाठी उपचारात्मक गणित हा विषय होता. कृषी पदवीलाही दोन्ही गट चालतात. त्यामुळे फार्मसी किंवा कृषी हेच मनात पक्के असेल, तर दोन्ही विषयांचा अट्टहास नको. याउलट पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत मूलभूत विज्ञान शिकायचे असेल, तर तिथल्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. तिथे चारही विषयांचा खरोखर उपयोग होतो.

धागाकर्तीचे उत्तर

आपण दोघांनीही वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तरपत्रिका पाहण्याची सूचना मी सराव परीक्षेपासूनच अमलात आणेन आणि गणिताच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्या तासिकांचेही नियोजन करीन. फार्मसी आणि कृषीसंबंधीची माहिती पालकसभेत सांगण्याजोगी आहे, कारण आमच्याकडे या दोन अभ्यासक्रमांना जाणारी मुले पुष्कळ आहेत.

या निमित्ताने आणखी एक विचारते. आमची एक तुकडी पूर्ण मराठी माध्यमाची आहे आणि अकरावीला विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागेल या भीतीनेच त्यातील काही हुशार मुली विज्ञान शाखेचा विचार सोडून देतात. दहावीच्या पुस्तकांत मराठी संज्ञेशेजारी कंसात इंग्रजी संज्ञा दिलेल्या आहेत, त्या आम्ही पाठ करून घेतो. मात्र इंग्रजीतील प्रश्न वाचून समजणे आणि उत्तर सलग वाक्यांत लिहिणे यासाठी तेवढे पुरत नाही. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतच्या काळात मराठी माध्यमाच्या मुलांसाठी कोणी असे वर्ग घेतले असतील, तर त्यात काय शिकवले आणि किती उपयोग झाला, ते कृपया कळवावे.