मदत हवी आहे: बाबांचं मृत्युपत्र

नमस्कार मंडळी. कोथरूडचा फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे, सोसायटीत नॉमिनी धाकटा भाऊ. बाबांना फ्लॅट आम्हा तिघा भावंडांत सारखा वाटून द्यायचाय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे भावाला मान्य आहे (भावजयीचं माहीत नाही!).

दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्युटी नाही, इथवर कळलं. अडचण सहीची आहे. बाबांचा हात थरथरतो. पासबुकावरची सही नि आताची, दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात. मग अंगठाच घ्यावा का? बाबांची मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सहीच्याच दिवशीचा असावा का? जिना उतरणं त्यांना जमत नाही, तर हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून कुणी घरी येऊन नोंदणी करतं का? भोरच्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्साही यातच लिहावा का? नुकतंच कुणी केलं असेल तर कृपया सांगा.