शब्दचर्चा : ‘मु. पो.’मधला ‘मु.’ कुणाचा आणि ‘पो.’ कुणाचा?

प्रश्न

धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली आहे. छापखान्यातून नमुना आला, त्यात आमच्या पत्त्यात ‘मु. पो.’ लिहून पुढे शेजारच्या गावाचं नाव घातलंय. छापणारे दादा म्हणाले, तुमचं पोस्ट तिथंच आहे ना, मग बरोबर आहे. बाबांना ते अजिबात पटलेलं नाही. “आपण त्या गावचे नाही,” एवढंच ते म्हणतात आणि गप्प बसतात.

आमची सुतारवाडी रत्नागिरी जिल्ह्यातली. टपाल पऱ्यापलीकडच्या (पऱ्या म्हणजे ओढा) गावातून येतं, सातबारा अलीकडच्या गावाचा. ‘मु. पो.’चा नेमका अर्थ काय, आणि आमच्यासारख्यांनी तो कसा लिहायचा?

प्रतिसाद

ताई, बाबांचं म्हणणं बरोबर आहे. ‘मु. पो.’ हा एक शब्द नाही. ‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’ असे ते दोन शब्द आहेत. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते ठिकाण आणि पोस्ट म्हणजे त्याचं टपाल ज्या ऑफिसातून वाटलं जातं ते गाव. दोन्ही एकच असतील तेव्हाच ‘मु. पो.’ जोडून लिहायचं. वेगळी असतील तर ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं सोडवून लिहितात. जुन्या पोस्टकार्डांवर हे अगदी काटेकोरपणे पाळलेलं दिसतं. माझ्या आजोबांनी मुंबईहून आजीला पाठवलेली कार्डं मी जपून ठेवली आहेत. प्रत्येकावर ‘मु.’पुढे वाडीचं नाव, मग स्वल्पविराम, मग ‘पो.’, ‘ता.’, ‘जि.’ एकाखाली एक. ‘मु.’ची ओळ नेहमी थोडी ठळक, शाई दोनदा फिरवल्यासारखी.

मुक्काम हा मूळचा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आलेला. त्यात थांबण्याचा, उतरण्याचा भाव आहे. वऱ्हाडाचा मुक्काम पडतो, रात्री गावात थांबणाऱ्या एसटीला मुक्कामाची गाडी म्हणतात, जुन्या पत्रांत लिहिणारा जिथून लिहितो ते ठिकाण ‘मुक्काम पुणे’ असं यायचं. तात्पुरत्या थांब्याचा हा शब्द पत्त्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरासाठी वापरला जातो, आणि आपल्याला ते कधी खटकत नाही.

तुमची अडचण शब्दापेक्षा मोठी आहे, म्हणून विचारतो. शिमग्याला पालखी कोणत्या गावची येते तुमच्याकडे?

मूळ प्रश्नकर्ती

अलीकडच्या. पालखी पऱ्यापर्यंत येते, तिथल्या कातळावर टेकवतात, नारळ फुटतो आणि मागे फिरते. पलीकडच्या वाडीतले लोक त्यांच्या काठावर उभे राहून हात जोडतात, पण पालखी कधी पाण्यात उतरत नाही. त्यांची पालखी वेगळी. लहानपणी मला वाटायचं, पाण्याला भितात म्हणून थांबतात.

प्रतिसाद

मग बाबा ‘आपण त्या गावचे नाही’ म्हणतात ते याच कातळावरून. ती तुमची शीव. पोस्टमनची सायकल ती रोज ओलांडते, पालखी ओलांडत नाही.

आणखी एक प्रतिसाद

पण आता पिनकोड असताना ‘मु.’ आणि ‘पो.’चा घोळ कशाला? पिनकोडवरून गाव कळतंच.

प्रतिसाद

नाही कळत, दादा. पिनकोडवरून टपाल वाटणारं ऑफिस कळतं. सहा अंकांपैकी पहिल्या तिनांनी पत्र वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंत जातं, शेवटच्या तिनांनी पोस्ट ऑफिसापर्यंत. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच, संस्कृतचे मोठे कवी. एकाच नावाची ढीगभर गावं आणि वेगवेगळ्या भाषांत, लिप्यांत लिहिलेले पत्ते, यातून पत्र चुकू नये म्हणून ते आकडे आले. त्या कामात ते चोख आहेत. पण गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे सांगण्यासाठी ते केलेलेच नाहीत.

पुण्यात सदाशिव, नारायण आणि शनिवार या तिन्ही पेठांना ४११०३० हाच पिन लागतो. म्हणून सदाशिव पेठेतला माणूस स्वतःला नारायण पेठेचा म्हणवेल का? दादरला याच्या उलट आहे. पूर्वेला ४०००१४, पश्चिमेला ४०००२८, पण दादरकर स्वतःला एकाच दादरचे समजतात. माझ्या मते माणसांचं ऐकावं.

मालवण तालुक्यातून प्रतिसाद

शीव म्हणजे काय ते आमच्याकडे गावपळणीत दिसतं. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस-तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतं. गुरं, कोंबडी, कुत्री, म्हातारीकोतारी, सगळी. जातधर्म न बघता सगळे जातात. शिवेपलीकडे झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात, तिथंच चूल, तिथंच भजन. परत कौल झाला की गाव भरतो.

आता यात गोम अशी की नेमकी कुठली रेघ ओलांडली की आपण बाहेर झालो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. इथं वहाळ, तिथं वड, पुढे अमक्याचा कुणगा, म्हणजे भाताचं खाचर. त्या रेषेचा पोस्टाच्या बटवड्याशी काही संबंध नाही. पलीकडे झोपडीत बसलेल्या माणसाला तीन दिवस ‘मुक्काम कुठं?’ विचारलं तर तो बरोबर उत्तर देईल : मुक्काम इथं, गाव तिथं. या तीन दिवसांत मुक्काम हा शब्द आपल्या मूळ अर्थाला परत येतो.

देशावरून प्रतिसाद

शीव हा शब्द संस्कृत ‘सीमा’वरून आला. मुंबईतलं शीव स्टेशनही त्यातलंच, मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवरचं. शिवार, शिवरस्ता ही त्याचीच भावंडं. आणि दसऱ्याचं शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन. सोनं लुटायला आमच्याकडे अजून लोक शिवेपर्यंत चालत जातात.

‘वेस’ मात्र निराळी, त्या दोन्हींची गल्लत करू नये. वेस म्हणजे गावकुसाचा दरवाजा, वस्ती संपते ती जागा. शीव त्याच्या कितीतरी पुढं, रानं संपतात तिथं. ‘हद्द’ हा अरबी शब्द बहुधा सरकारी तोंडी : पोलिसांची हद्द, नगरपालिकेची हद्द.

एक शब्द राहिला, चतुःसीमा. खरेदीखतात जागेची ओळख अशी लिहितात : पूर्वेस अमक्याची मिळकत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. तिथं पोस्टाचं नावसुद्धा येत नाही. जागा कुठं आहे, तर शेजारी कोण आहेत त्यावरून. माझ्या चुलत्यांच्या खतात एका बाजूला ‘चिंचेचे झाड’ लिहिलंय. झाड केव्हाच गेलं, पण दोन्हीकडचे शेतकरी आजही त्या ठिकाणाला चिंचच म्हणतात आणि नांगर तिथून वळवतात.

प्रतिसाद

पुण्याजवळचं वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द हेही इथं आठवलं. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान, दोन्ही फारसी. आता तिथं इमारतीला इमारत लागली आहे आणि पार्सल आणणारी मुलं ‘बु.’ आणि ‘खु.’ गाळूनच टाकतात. ते मला फार खुपतं. दोन गावांतला फरक त्या एका अक्षरात उरला आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळी चर्चा वाचून दाखवली. चिंचेचं ऐकून ते उठले आणि आमचं जुनं खत काढून आणलं. आमच्या पश्चिमेला ‘पऱ्या व त्यापलीकडे दुसरे मौजे’ असं लिहिलेलं आहे.

छापखान्यात दुरुस्ती कळवली. आता पत्रिकेवर ‘मु. सुतारवाडी’, खाली अलीकडच्या गावाचं नाव ‘मौजे’ लावून, आणि त्याखाली ‘पो.’ पलीकडचं गाव, असं येईल. दादा म्हणाले, एक ओळ वाढली, अक्षर बारीक करावं लागेल. बाबांनी सांगितलं, पोस्टाची ओळ बारीक करा.